घरात असेल त्यातून

सकाळी दार वाजलं तेव्हा शेदलिया ताटात मसूर घेऊन निवडत बसली होती. दारात वरच्या मजल्यावरची नजात उभी होती. फॅक्टरीचा निळा एप्रन, त्यावर कोट, एका हातात डबा. तिच्या मागे तिची मुलगी सीरीन भिंतीला टेकून उभी होती. जॅकेटची टोपी तिने डोळ्यांपर्यंत ओढली होती.

"लल्ला शेदलिया, अल्लाची शपथ, दुसरं कुणी असतं तर तुम्हाला त्रास दिला नसता," नजात एका दमात बोलून गेली. "शाळेनं हिला घरी बसवलंय. हेडबाई म्हणतात, माफी मागेपर्यंत वर्गात पाऊल टाकायचं नाही. आणि ही मागत नाही! अडून बसलीय नुसती. घरात एकटी सोडायची माझी छाती होत नाही. तिकडे मी जीन्सला चेनी लावते आणि जीव इथं टांगलेला. हिला काहीतरी शिकवा ना. भरतकाम, विणकाम, काहीही. तुम्ही तर सेंटरात शिकवत होता."

"आता नाही शिकवत."

"माहितेय हो मला. पण हातातली कला कुठे जाते?"

शेदलियाला खरं तर नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं की कारण द्यावं लागतं. कारण दिलं की समोरचीचे डोळे भरून येतात, मग तिला आत बसवा, कॉफी ठेवा, तिचं ऐकून घ्या. त्यापेक्षा हो म्हणणं सोपं होतं.

"राहू दे," ती म्हणाली.

नजातनं जाता जाता तिच्या कानाशी तोंड नेलं. "एकच सांगते. हिच्या हातात कात्री देऊ नका."

ते सांगायची गरज नव्हती. सीरीननं वर्गात पुढच्या बाकावरच्या मुलीची वेणी मुळापासून कापली, ही गोष्ट त्याच दिवशी सगळ्या इमारतीत पसरली होती. वेणी कमरेपर्यंत लांब होती, मुलीचा बाप शाळेत येऊन ओरडून गेला, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. का कापली ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

ट्युनिशियातल्या कसर हलाल या गावातल्या निम्म्या बायका कपड्यांच्या फॅक्टरीत जात. उरलेल्यांपैकी पुष्कळशा कधी ना कधी मुलींच्या हस्तकला केंद्रात शेदलियाच्या हाताखाली शिकलेल्या होत्या. सगळ्या तिला मानानं लल्ला म्हणत आणि कडक बाई म्हणून तिचं नाव होतं. टाका चुकला की ती आख्खी ओळ उसवायला लावायची. मग तिची एकुलती एक मुलगी इन्साफ गेली. सूस शहरात कॉलेजात होती. सुट्टीला घरी येताना धुक्यात तिची टॅक्सी ट्रकवर आदळली. त्याला आता दोन हिवाळे झाले होते. त्या दिवसापासून शेदलिया केंद्रात गेली नाही. सुया, भरतकामाच्या चौकटी, दोऱ्यांचे डबे, सगळं तिनं एका मुलीबरोबर केंद्रात पाठवून दिलं.

ती रडली नाही. मयतीच्या घरी आलेल्यांना तिनं स्वतः कॉफी दिली, कुणाला साखर कमी लागते तेही विसरली नाही. नणंद बायकांत म्हणाली, "बाई आहे की दगड?" शेदलियानं ते ऐकलं आणि कपबशा उचलून आत नेल्या. नवरा तिजानी मात्र सगळीकडे रडला. कॅफेत रडला, न्हाव्याच्या खुर्चीत रडला, एकदा तर बँकेच्या रांगेत. तो निवृत्त बसचालक. गल्लीतली लहानथोर त्याला अम तिजानी, म्हणजे तिजानीकाका, म्हणायची आणि तो रडायला लागला की त्याच्या पाठीवर हात ठेवायची. शेदलिया हे सगळं बघायची. रस्त्यापलीकडच्या घरात काहीतरी चाललंय आणि आपण खिडकीतून बघतोय, असं तिला वाटायचं.

सीरीन आत आली आणि शेगडीपाशी टेकली. जानेवारीचे दिवस होते. घराच्या भिंती आतून ओल्या लागत होत्या. शेदलियानं मसूर निवडून संपवले, धुतले, चुलीवर चढवले. कांदा चिरला. पोरगी बसलेलीच.

"मी काय करू?" शेवटी तिनंच विचारलं.

शेदलियानं आजूबाजूला बघितलं. खुर्चीवर एक जुनी चादर होती, मध्ये विरलेली. लादी पुसायला घ्यायची म्हणून तिनं ती बाजूला काढली होती.

"ही फाड. अशा तीन बोटांच्या पट्ट्या काढ."

"आणि मग?"

"मग बघू."

चादरीची किनार जाड होती, फाटेना. शेदलियानं ओट्यावरची कात्री उचलली आणि पुढे केली. सीरीननं हात मागे घेतला.

"आईनं सांगितलं नाही का तुम्हाला?"

"सांगितलं. चादरीला केस नसतात."

पोरीनं टोपीच्या आतून तिच्याकडे बघितलं, ही बाई चेष्टा करतेय का ते. चेष्टेचं काहीच चिन्ह दिसेना. तिनं कात्री घेतली.

दुपारपर्यंत पट्ट्यांचा ढीग झाला. शेदलियानं तिला तीन पट्ट्या एकत्र शिवायला आणि मग पेड घालायला लावलं. पेड कसा घालायचा ते सीरीनला येत होतंच, पण ती पहिल्यांदा अडखळली. बोटं थांबली. शेदलियानं चूल बारीक केली, मीठ बघितलं. पोरगी पुन्हा पेड घालायला लागली. लांबच लांब दोर झाला की तो चकलीसारखा गोल गुंडाळायचा आणि कडेकडेनं टाके घालत जायचं, म्हणजे गरम पातेल्याखाली ठेवायला आसन होतं, एवढं तिनं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सीरीन आपणहून खाली आली. तिसऱ्या दिवशीही. आसन पुरं झालं तेव्हा ते सपाट बसेना. दोरा फार ओढून घातल्यामुळे कडा वर आल्या होत्या.

"हे काय झालं?" सीरीन वैतागली.

"दोरा ओढलास."

तेवढ्यात तिजानी बाहेरून आला. त्यानं ते उचललं, उलटं केलं आणि डोक्यावर घातलं. नेमकं बसलं. "व्वा! शुक्रवारच्या नमाजाला हीच घालून जातो. विचारलं कुठून आणली तर सांगेन, पॅरिसहून मागवली."

सीरीन हसली. हसताना तिनं तोंडावर हात धरला, आपल्याला हसायची मनाई आहे हे तिला आठवल्यासारखा. तिजानी टोपी डोक्यावर ठेवूनच गच्चीवर गेला. तिथे त्याच्या चार कोंबड्या होत्या.

पुढे त्यांनी पास्त्याच्या खोक्याचा हातमाग केला. पुठ्ठ्याच्या दोन्ही कडांना दात कापायचे, पोत्याची सुतळी उभी ताणून बांधायची आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांच्या पट्ट्या खालीवर खालीवर ओवत जायच्या. वर्तमानपत्राच्या नळ्या करून टोपली विणली, पिठाच्या खळीनं चिकटवली. ती वाकडीच झाली, पण बटाटे ठेवण्यापुरती बरी होती. विकत काही आणायचं नाही, असं शेदलियानं ठरवलं होतं असंही नव्हतं. विकत आणायला बाजारात जावं लागलं असतं, इतकंच. सीरीन विचारायची, "आज कशातून?" आणि शेदलिया म्हणायची, "घरात असेल त्यातून."

शेदलिया तिला काही विचारत नसे. का केलंस, माफी का मागत नाहीस, आईला किती त्रास. यातलं एक अक्षर नाही. सीरीनला वाटलं, ही बाई फार समजूतदार आहे. खरं तर शेदलियाला जाणून घ्यायचंच नव्हतं. पण पोरीला त्यानं मोकळं वाटायचं. तीही काही विचारायची नाही. नवऱ्यापासून वेगळी होऊन नजात या इमारतीत राहायला आली ती गेल्या उन्हाळ्यात. तिला इन्साफचं कळलं होतं, पण मुलीला सांगावं असं तिला कधी सुचलं नव्हतं. शेदलियाच्या भिंतीवर फोटोही नव्हता. तो तिजानीच्या पाकिटात असे.

"खाला, मला खरं विणायला शिकवा ना. लोकरीचं," एके दिवशी सीरीन म्हणाली. प्लॅस्टिकला ती कंटाळली होती.

"लोकर नाहीये."

"जुनं काहीतरी असेलच की. सगळ्यांच्या घरी असतं."

"आमच्या खोलीतल्या कपाटात बघ. खालच्या कप्प्यात तिजानीचे जुने स्वेटर आहेत. एखादा घे आणि उसव. मी पाव घेऊन येते."

बेकरीत रांग होती. पुढच्या बाईला नातवाच्या सुंतेची खरेदी सांगायची होती, ती शेदलियानं सगळी ऐकली. पाव काखेत मारून ती परत आली आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबली.

सीरीन जमिनीवर मांडी घालून बसली होती. एका बाजूला तिजानीचा राखाडी स्वेटर पडला होता, कडेला कापलेला. त्यातून लोकरीचे वीतवीतभर तुकडे निघाले होते. आणि तिच्या मांडीवर इन्साफचा मोहरी रंगाचा स्वेटर होता. दोन्ही बाह्या संपल्या होत्या. पाठ संपली होती. छातीचा भाग तेवढा उरला होता आणि तोही सरसर कमी होत होता.

"खाला, बघा!" पोरीचा चेहरा उजळला होता. टोपी मागे पडली होती. "अम तिजानींचा मशीनचा आहे, तुटतच जातो. मग मी त्या सामानाच्या खोलीत बघितलं. कपाटात चादरींच्या खाली हा होता. हा हाताचा आहे! एकच धागा, बघा, कुठे तुटतच नाही. शिवण तुम्ही सांगता तशी हळूच कापली. बरोबर केलं ना?"

तो स्वेटर शेदलियानंच विणला होता. इन्साफ सूसला पहिल्यांदा निघाली त्या वर्षी. गळ्यापाशी तिला टोचतं म्हणून दोनदा उसवून पुन्हा विणला होता.

पाव हातात धरून ती उभी राहिली. आता काहीतरी होईल, असं तिला वाटलं. ती थांबून राहिली. पाणी गेलेलं असताना नळ उघडा ठेवून थांबावं, तशी. छातीत काही आलं नाही. घशात आलं नाही. तिला दिसलं ते एवढंच, की पोरगी धागा फार जोरात ओढतेय, त्यानं लोकर ताणते.

"बरोबर केलंस," ती म्हणाली. "पण हळू ओढ. आणि गळ्याची पट्टी उलटीकडून सुटते. दे इकडे."

ती खाली बसली. गळ्यापाशी शेवटची गाठ होती, ती तिनं नखानं सोडवली. दोघींनी मिळून उरलेलं उसवलं. खुर्चीच्या पाठीला गुंडाळत गुंडाळत लडी केल्या, चार ठिकाणी सैल बांधल्या. उसवलेली लोकर नागमोडी झालेली असते. कोमट पाण्यात बुचकळून, खाली वजन बांधून वाळवली की सरळ होते, हे शेदलियानं तिला सांगितलं. दोघी गच्चीवर गेल्या. दोरीवर लडी टांगल्या आणि प्रत्येकीच्या खाली पाण्याची भरलेली बाटली बांधली.

तिजानी दुपारी अंडी आणायला वर गेला. बराच वेळ झाला तरी खाली आला नाही. आला तेव्हा त्याच्या हातात अंडी नव्हती.

"वर काय आहे ते?" त्यानं दारातूनच विचारलं.

"लोकर."

"कसली लोकर?"

शेदलिया ओटा पुसत राहिली. सीरीन एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघायला लागली.

"शेदलिया. मी तुला विचारतोय. तो रंग मी ओळखतो. तो माझ्या पोरीचा स्वेटर आहे. होय की नाही?"

"आहे."

"आणि तू तो..." त्याचा आवाज फुटला. "मी त्याला हात लावत नव्हतो. महिन्यातून एकदा फक्त कपाट उघडायचो. वास घेऊन बंद करायचो. आणि तू तो फाडून गच्चीवर टांगलास? बाटल्या बांधून?"

"मी उसवला," सीरीन म्हणाली. तिचा रंग उडाला होता. "अम तिजानी, मी... मला माहीत नव्हतं. तुम्हाला मुलगी आहे?"

तिजानीनं तोंड फिरवलं, आणि उत्तर तिला कळलं.

"तू गप्प बस, पोरी. तुझी चूक नाही," तिजानी तिच्याकडे न बघता म्हणाला. मग तो बायकोच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. "तू समोर होतीस ना? तुझ्या डोळ्यांदेखत झालं ना? तुला काहीच होत नाही का गं?"

"नाही," शेदलिया म्हणाली. "नाही होत, तिजानी. तू म्हणतोस तसं काहीतरी व्हायला पाहिजे, हे मला कळतं. मी वाट बघते. आजही बघितली. नाही होत."

दोन वर्षांत हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून काही हलकं वाटलं असंही नाही. तिजानी खुर्चीवर बसला आणि तोंड हातात धरून रडायला लागला. सीरीन कधी उठली, कधी गेली, ते दोघांनाही कळलं नाही. तिचं जॅकेट तिथेच राहिलं.

त्यानंतर ती खाली आली नाही. तिजानी घरात असला तरी बोलत नव्हता. जेवायचा, कोंबड्यांना दाणे टाकायचा, कॅफेत जायचा. लडी गच्चीवर वाळून तशाच लटकत राहिल्या. त्या काढायला तोही गेला नाही आणि तीही.

एका संध्याकाळी नजात आली. एप्रन अजून अंगातच होता.

"लल्ला, माझ्या पोरीनं काय केलं ते मला आत्ता कळलं. मी तोंड कसं दाखवू? ती खोलीचं दार लावून बसलीय, खात नाही, पीत नाही. म्हणते मी चोर आहे. मी तुम्हाला नवी लोकर आणून देते, तस्साच रंग शोधून..."

"लोकर काय करायचीय?" शेदलिया म्हणाली. "चल, मी येते वर."

नजात बघतच राहिली. शेदलिया कुणाच्या घरी जात नाही, हे इमारतीत सगळ्यांना माहीत होतं. शेदलियालाही ते जिन्यात आल्यावर लक्षात आलं. पण तोवर निम्म्या पायऱ्या चढून झाल्या होत्या, परत फिरणं तेवढंच लांब पडलं असतं.

सीरीन पलंगावर रजईत होती. शेदलियानं तिचं जॅकेट खुर्चीवर ठेवलं आणि कडेला बसली. नजातला तिनं हातानंच बाहेर जायची खूण केली.

"मी चोर नाहीये," रजईतून आवाज आला.

"मला माहितेय. उसव म्हणून मीच सांगितलं होतं."

"तुम्ही अम तिजानींचा उसव म्हणाला होतात."

"हं."

थोड्या वेळानं पोरीनं डोकं बाहेर काढलं. डोळे सुजले होते. "तुम्ही मला थांबवलं का नाही? तुम्ही आलात तेव्हा छातीचा भाग शिल्लक होता. ओरडायचं ना माझ्यावर!"

"ओरडावंसं वाटलं नाही. काहीच वाटलं नाही."

"काहीच?"

"काहीच."

सीरीन उठून बसली. रजईचा कोपरा बोटांना गुंडाळत राहिली. "मला पण," ती म्हणाली. "तिची वेणी कापली तेव्हा. सगळे विचारतात, राग आला होता का, भांडण झालं होतं का. नव्हतं झालं. ती माझी मैत्रीणच होती. त्या दिवशी सकाळी बाबांचा फोन आला होता, त्यांनी लग्न केलं म्हणून. मी म्हटलं, मुबारक. आणि शाळेत गेले. ती पुढे बसलेली, वेणी माझ्या वहीवर येत होती. कात्री हातात होती, भूगोलाचे नकाशे कापत होतो. कापली. ती किंचाळली तरी मला काही वाटलं नाही. आता हेडबाई म्हणतात, मनापासून माफी माग. मनातच नाही तर कुठून आणू?"

बाहेरच्या खोलीत नजात भांडी हलवत होती, मुद्दाम आवाज करत होती, ऐकत नाही असं दाखवायला.

"मनाची वाट बघू नकोस," शेदलिया अखेर म्हणाली. "जा आणि सांग. चूक झाली म्हण. त्या मुलीचे केस तर गेलेच ना? तुला वाटो न वाटो, ते गेलेच आहेत."

"मग ते खोटं नाही का होणार?"

"होईल. मी रोज खोटाच स्वयंपाक करते. तुझे अम तिजानी जेवतात."

सीरीनच्या तोंडून हसू आणि हुंदका एकदमच निघाला. शेदलियाला तिच्या पाठीवरून हात फिरवता आला असता. तिच्या मनातही ते आलं, पण हात उचलला गेला नाही. ती उठली. दारात वळून म्हणाली, "उद्या ये. गच्चीवर लटकत ठेवलंय ते तसंच आहे."

सकाळी सीरीन आली तेव्हा तिजानी उंबरठ्यावर बसला होता. हातात सायकलच्या चाकाचे दोन स्पोक होते. पलीकडच्या सायकलवाल्याकडून आणलेले. त्यांची टोकं तो दगडावर घासत होता. पोरगी त्याला ओलांडून जायला धजेना, तशीच उभी राहिली.

"विणणार कशानं?" तो वर न बघता म्हणाला. "तुमच्या मास्तरीणबाईंनी सुया दान करून टाकल्यात. या घे. दुसऱ्या टोकाला बुचाचे तुकडे लावलेत, टाके सुटणार नाहीत."

"अम तिजानी, मी..."

"झालं ते झालं. उसवलंच आहे तर निदान लटकत ठेवू नका. कोंबड्या खाली बसून वर बघत बसतात. मला बघवत नाही." त्यानं डोळे पुसले. मग स्वतःच गच्चीवर गेला आणि लडी काढून आणल्या. शेदलियापुढे येऊन दोन्ही हात पुढे केले. शेदलियानं एक लड त्याच्या मनगटांवर चढवली आणि गुंडा करायला घेतला. बसचं स्टिअरिंग पकडल्यासारखा तो हात डावीउजवीकडे फिरवत होता, त्यामुळे धागा नीट येत होता. मोठे तीन गुंडे झाले.

"याचं करायचं काय?" सीरीननं विचारलं.

"मफलर," तिजानी म्हणाला. "तुझ्यासाठी. मला नको आणि हिलाही नको. थंडीत उघड्या गळ्यानं फिरतेस."

शेदलियानं सुईवर टाके कसे घालायचे ते दाखवलं. पहिल्या दिवशी तर टाके घालणंच जमेना. दुसऱ्या दिवशी चार ओळी झाल्या. सुलट, सुलट, सुलट, फक्त सुलट. सीरीन जीभ बाहेर काढून विणायची. मध्येच बोलायला लागायची आणि टाका निसटायचा. तिला तो निसटलेला कळायचाच नाही. दहा ओळींत पट्टी अरुंद होत चालली, शेवटी बाणाच्या टोकासारखी झाली.

शेदलिया वाटाणे सोलत बसली होती. तिनं वाकून बघितलं, मोजलं, दाखवलं, उसवायला लावलं. पुन्हा तेच. पुन्हा दाखवलं. पोरगी आता शाळेतल्या हेडबाईंची नक्कल करत होती आणि कडेचा टाका तिसऱ्यांदा सुईवरून घरंगळला.

"सोडलास! पुन्हा सोडलास!" शेदलिया ओरडली. वाटाण्याचं ताट मांडीवरून सरकलं. "किती वेळा सांगू? तोंड बंद ठेव आणि सुईकडे बघ! कडेचा टाका, कडेचा! आंधळी आहेस का? अशानं मफलर नाही, बुटाची नाडी होईल! उसव सगळं!"

आवाज एवढा मोठा होता, की आतल्या खोलीतून तिजानी धावत आला. सीरीन आ वासून बघत होती. वाटाणे लादीवर घरंगळत चालले होते. शेदलियाचे कान तापले होते, हात गरम झाले होते. आपल्याला राग आलाय, हे तिला जरा उशिरानं कळलं. एका टाक्याचा राग. ती श्वास धरून बसली, तो राहतोय की जातोय ते बघत. थोड्या वेळानं तो गेला आणि आत पुन्हा पहिल्यासारखं झालं.

"उसवते," सीरीन पुटपुटली, पण तिच्या ओठांच्या कडेला हसू होतं.

त्या आठवड्यात ती आईबरोबर शाळेत गेली. वर्गासमोर उभी राहून तिनं चूक झाली असं सांगितलं. हेडबाईंना ते पुरेसं मनापासून वाटलं नाही, पण त्यांनी तिला आत घेतलं. त्या मुलीनं कापलेले केस कानापर्यंत नीट करून घेतले होते. ती सीरीनकडे बघत नव्हती. दोघींमध्ये पुढे काही जुळेल की नाही, कुणास ठाऊक. सीरीननं हे सगळं खाली येऊन सांगितलं, विणता विणता, सुईवरची नजर न हलवता. आता ती फक्त शनिवारी दुपारी यायची. मफलर वीतभर झाला होता, एका बाजूला झुकलेला.

एका शनिवारी ती वर गेल्यावर शेदलिया केरसुणी घेऊन स्वयंपाकघर झाडायला लागली. तिजानी खुर्चीत चहा पीत होता.

"त्या दिवशी तू ओरडलीस तिच्यावर," तो म्हणाला.

"मग? तीनदा तोच टाका सोडला तिनं."

"जिन्यापर्यंत ऐकू गेलं असेल."

"जाऊ दे."

"नाही, तसं नाही." तो कपात बघत राहिला. "मला बरं वाटलं ऐकून. घरात बरेच दिवस कुणी ओरडलं नव्हतं."

शेदलिया केरसुणी धरून थांबली. त्याला काहीतरी म्हणावं, असं तिला वाटलं. खुर्चीखाली एक वाटाणा अजून पडलेला दिसत होता.

"पाय वर घे," ती म्हणाली. त्यानं पाय वर घेतले आणि तिनं खुर्चीखालून केरसुणी फिरवली.